स्वतःचा दावा स्वतः चालवताना कागद पुराव्यात कसे आणावेत?

कोयनाकाठ

हातउसन्या रकमेच्या वसुलीचा माझा दावा २०२३ सालापासून तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात, कनिष्ठ स्तराकडे, प्रलंबित आहे. माझ्या वकिलांनी वयोमानामुळे वकिली थांबवली, तेव्हापासून दावा मी स्वतःच चालवतो. वादमुद्दे (न्यायालयाने ठरवलेले वादाचे प्रश्न) निघाले असून पुढची तारीख वादीच्या पुराव्यासाठी नेमलेली आहे.

हकिगत थोडक्यात अशी. नात्यातल्या एका गृहस्थांना मी एनईएफटीने दोन वेळा मिळून ३,५०,००० रुपये पाठवले. त्यानंतर त्यांनी स्वहस्ते लिहिलेली एक चिठ्ठी दिली. तिच्यात ‘आपणाकडून रु. ३,५०,००० हातउसने मिळाले’ एवढाच मजकूर, खाली सही आणि तारीख आहे. रेव्हेन्यू स्टॅम्प नाही. पुढे कितीतरी महिने ‘दिवाळी होऊ दे, मग बघतो’ अशा धर्तीची उत्तरे व्हॉट्सॲपवर येत राहिली आणि शेवटी नोटीस पाठवावी लागली. कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, त्यांचे म्हणणे असे आहे की रक्कम मिळाली हे खरे, परंतु ती उसनी नसून त्यांच्या दुकानात मी भागीदार म्हणून घातलेले भांडवल होते आणि चिठ्ठीवरची सही त्यांची नाही.

दाव्यासोबत मूळ चिठ्ठी, पासबुकाची झेरॉक्स, नोटिसीची स्थळप्रत (आपल्याकडे ठेवलेली प्रत) आणि पोस्टाची पावती कागदयादीने दाखल झालेली आहे. व्हॉट्सॲपचे काहीही दाखल नाही. एवढे कागद पुराव्यात नीट यावेत यासाठी माझ्या साक्षीचे शपथपत्र देण्यापूर्वी काय तयारी करावी, हे जाणकारांनी सांगावे. ‘वकील करा’ हा सल्ला मला अनेकांनी दिलेला आहे आणि तो चुकीचा नाही, पण या धाग्यापुरता तो बाजूला ठेवावा ही विनंती.

काळा कोट

मग तो सल्ला देत नाही. मात्र एक गोष्ट आधी मनात पक्की करून घ्या. कागद फायलीत असणे, त्याला निशाणी (न्यायालयाच्या फायलीतला क्रमांक) मिळणे, तो शाबीत म्हणजे सिद्ध होणे आणि त्यावर न्यायाधीशांचा विश्वास बसणे या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. स्वतः दावा चालवणारे बहुतेक पक्षकार पहिलीवर समाधान मानतात आणि पुष्कळ वकील दुसरीवर. निशाणी पडली म्हणजे कागदातला मजकूर शाबीत झाला असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालीच सांगून ठेवले आहे.

म्हणून सुरुवात कागदांपासून करू नका. वादमुद्द्यांच्या कागदापासून करा. तो समोर ठेवून प्रत्येक कागदाला दोन प्रश्न विचारा. हा कोणत्या मुद्द्याला लागू पडतो? आणि याच्या वतीने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कोण बोलणार? या दोन्हींचे उत्तर नसलेला कागद कितीही महत्त्वाचा वाटला तरी तो ओझे आहे.

त्यानंतर कैफियत पुन्हा एकदा, परिच्छेद मोजत वाचा. रक्कम मिळाल्याचे प्रतिवादीने कबूल केले आहे, आणि कबूल गोष्ट शाबीत करावी लागत नाही. जुन्या पुरावा अधिनियमाचे कलम ५८ आणि नव्या साक्ष्य अधिनियमाचे कलम ५३ हेच सांगते. तेव्हा बँकेचा अधिकारी साक्षीला बोलावण्यात शक्ती घालवू नका. खरा वाद रक्कम कोणत्या नात्याने दिली, उसनी की भांडवल म्हणून, एवढाच उरतो. तो चिठ्ठीवर आणि संदेशांवर लढला जाईल, म्हणून मेहनत तिथे करा.

आणखी एक सोय दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे आणि ती फारच कमी वापरली जाते. आदेश १२, नियम २ प्रमाणे समोरच्याला दस्तऐवज कबूल करण्याची नोटीस देता येते आणि त्याला सात दिवसांची मुदत असते. नोटीस बजावल्यावर त्याने एखादा दस्तऐवज स्पष्टपणे नाकारला नाही, तर नियम २अ खाली तो कबूल केल्याचे धरता येते. नाकारला तरी नुकसान नाही, कारण नेमक्या कोणत्या कागदासाठी साक्षीदार लागणार हे आधीच कळते आणि विनाकारण नाकारल्यास शाबितीचा खर्च त्याच्यावर बसू शकतो.

जुना शिरस्तेदार

मी न्यायालयाच्या कार्यालयात नोकरी केली आहे, म्हणून कायद्याविषयी न बोलता फायलीविषयी बोलतो.

आपल्याकडच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत निशाणी ही संपूर्ण फायलीची एकच सलग मालिका असते. दावा निशाणी १. मनाईचा अर्ज बहुधा निशाणी ५, इतका बहुधा की तात्पुरत्या मनाईच्या अर्जालाच सगळे ‘नि. ५’ म्हणतात. अर्ज, पुरसिस (पक्षकाराचे छोटे लेखी निवेदन), कैफियत, शपथपत्र या सगळ्यांना त्याच ओळीत क्रमांक मिळतात. आपली कागदयादी समजा नि. ४ असेल, तर चिठ्ठी ही सध्या ‘नि. ४ मधील अनुक्रमांक १’ एवढीच आहे. तिची शाबिती झाली आणि न्यायाधीशांनी ती पुराव्यात वाचायचे ठरवले, म्हणजे तिला स्वतंत्र क्रमांक, समजा नि. २९, मिळेल. आदेश १३, नियम ४ प्रमाणे तिच्यावर दाव्याचा क्रमांक, कागद हजर करणाऱ्याचे नाव, तारीख असा शेरा येऊन न्यायाधीशांची सही होते. जे कागद फक्त ओळखीपुरते ठेवले जातात त्यांना ‘आर्टिकल ए’, ‘आर्टिकल बी’ अशी खूण मिळते. आर्टिकल म्हणजे पुरावा नव्हे. निकालाच्या वेळी आपला मुख्य कागद आर्टिकलच राहिला असल्याचे ध्यानात येऊन हबकलेले पक्षकार मी पाहिले आहेत. तेव्हा सरतपासणी (आपल्या बाजूची मूळ साक्ष) झाल्यावर त्या दिवशीचा रोजनामा (न्यायालयाची दैनंदिन नोंद) वाचा आणि कोणत्या कागदाला काय क्रमांक पडला ते तिथेच वहीत उतरवून घ्या.

आता कागदांच्या तब्येतीविषयी. मूळ चिठ्ठीला लॅमिनेशन करू नये, तिच्यावर रंगीत पेनाने रेघा ओढू नयेत, सहीवरून स्टेपलची पिन जाऊ देऊ नये. पुढेमागे ती हस्ताक्षर तज्ज्ञाकडे गेली तर तो शाईचा दाब आणि कागदाची वीण पाहणार. लॅमिनेशनखाली त्याला काय दिसणार? आपल्या ताब्यातली मुळे पारदर्शक फोल्डरमध्ये निराळी ठेवावीत. झेरॉक्सचे संच न्यायालयासाठी एक, प्रत्येक प्रतिवादीसाठी एक आणि स्वतःसाठी एक असे करावेत, आणि सर्व संचांवर पृष्ठक्रमांक एकच असावा. उलटतपासणीत वकील ‘पान १४’ म्हणाले आणि न्यायाधीशांच्या प्रतीत ते पान १६ निघाले, तर सकाळचा सगळा वेळ त्यातच जातो.

अंबाडीची भाजी

घराच्या अनामत रकमेसाठी मी स्वतः दावा चालवला होता, म्हणून दोन गोष्टींची भर घालते.

पहिली गोष्ट नोटरी केलेल्या झेरॉक्सविषयी. नोटरीचा किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का मारलेली झेरॉक्स ही ‘प्रमाणित प्रत’ आहे असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. नोकरीच्या अर्जाला ती चालते, दिवाणी दाव्यात नाही. कायद्याच्या दृष्टीने प्रमाणित प्रत म्हणजे ज्या कार्यालयाच्या ताब्यात मूळ अभिलेख आहे, त्याने फी घेऊन, तारीख, सही व हुद्दा घालून दिलेली नक्कल. नोंदणीकृत करार असेल तर ती दुय्यम निबंधकाकडून घ्यावी, फेरफार उतारा असेल तर महसूल कार्यालयातून, आणि दुसऱ्या दाव्यातले कागद असतील तर त्या न्यायालयाच्या नक्कल विभागातून. खासगी चिठ्ठीची प्रमाणित प्रत असे काही नसतेच. तिचे मूळ आणावे, किंवा मूळ का नाही हे कायद्यात सांगितलेल्या कारणांत बसवून दाखवावे.

दुसरी गोष्ट पासबुकाची. प्रतिवादीने रक्कम कबूल केली असली तरी कबुलीच्या भाषेत पुढे पळवाट निघू नये म्हणून मी शाखेत अर्ज करून खातेउतारा घेतला होता. त्याच्या तळाशी बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ प्रमाणे प्रमाणपत्र, शाखाधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, सही व शिक्का असावा. नेट बँकिंगवरून काढलेल्या पीडीएफला ते वजन नाही. ती तुम्ही स्वतः काढलेली इलेक्ट्रॉनिक नोंदीची छापील प्रत ठरते आणि तिला वेगळे प्रमाणपत्र लागते. शाखेत काउंटरवर ‘स्टेटमेंट द्या’ एवढेच म्हटले तर साधा उतारा हातात येतो. अर्जातच कायद्याचे नाव आणि ‘न्यायालयात दाखल करण्यासाठी’ हे शब्द लिहावेत.

कोयनाकाठ

सर्वांचे आभार. तीन शंका उरतात. चिठ्ठीला रेव्हेन्यू स्टॅम्प नाही, यावर समोरचे वकील हरकत घेणार असे दिसते. व्हॉट्सॲपसाठी मी आंतरजालावरून भाग ‘अ’ आणि भाग ‘ब’ असलेला प्रमाणपत्राचा नमुना उतरवून घेतला आहे, पण भाग ‘ब’ वर तज्ज्ञाची सही मागितली आहे. असा तज्ज्ञ तालुक्यात कुठून आणावा? आणि नोटीस मूळची प्रतिवादीकडे आहे, तर माझ्याकडच्या स्थळप्रतीचे काय?

काळा कोट

स्टॅम्पचा प्रश्न अधिक नाजूक आहे, म्हणून तो आधी घेतो. पावती आणि वचनचिठ्ठी हे दोन्ही विषय भारतीय मुद्रांक अधिनियम, १८९९ खाली येतात. चिठ्ठीत ‘परत देईन’ असे बिनशर्त वचन असेल तर ती वचनचिठ्ठी ठरण्याचा संभव असतो. वचनचिठ्ठीला मुद्रांक नसेल तर दंड भरूनही ती पुराव्यात येत नाही, कारण कलम ३५ मधली दंडाची सवलत तिला लागू नाही. आपल्या चिठ्ठीत, आपण उद्धृत केल्याप्रमाणे, फक्त ‘हातउसने मिळाले’ एवढेच आहे. तिला पावती म्हणता येते. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचा मुद्रांक लागतो, आणि तो नसला तरी ज्याने पावती दिली त्याच्याविरुद्ध ती एक रुपया दंड भरून वाचता येते, असे त्याच कलमाच्या परंतुकात आहे. तेव्हा शपथपत्रात चिठ्ठीचा उल्लेख ‘रक्कम मिळाल्याची पावतीवजा चिठ्ठी’ असाच, आहे त्या मजकुराला धरून करा. भरात येऊन ‘वचनचिठ्ठी’ लिहू नका. आपल्याच शब्दाने आपलाच कागद बाद करून घेतल्याची उदाहरणे आहेत.

मुद्रांकाची हरकत न्यायाधीशांना त्याच वेळी निकालात काढावी लागते, पुढे ढकलता येत नाही. आणि एकदा दस्तऐवज पुराव्यात दाखल झाला की मुद्रांकाच्या कारणाने त्याच दाव्यात तो पुन्हा बाहेर काढता येत नाही, हे कलम ३६. म्हणून हरकतीच्या दिवशी तयारीत राहा, उत्तर एका परिच्छेदात लिहून न्या. चिठ्ठी बाद झालीच तरी दावा कोसळत नाही. एनईएफटी कबूल आहे आणि कर्जाचा व्यवहार इतर पुराव्याने शाबीत करता येतो. फक्त तो भार मग संदेशांवर आणि तुमच्या जबाबावर येईल.

नोटिसीचे सोपे आहे. मूळ कागद विरुद्ध पक्षाकडे असेल तर तो हजर करण्याची नोटीस देऊनच दुय्यम पुरावा (मुळाऐवजी प्रत) देता येतो, हा सर्वसाधारण नियम. पण शाबीत करायचा दस्तऐवज स्वतःच नोटीस असेल तर त्यासाठी पुन्हा नोटीस लागत नाही, असा अपवाद जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम ६६ मध्ये स्पष्ट आहे. स्थळप्रत, पोस्टाची पावती आणि पोहोचपावती असे तिन्ही एकत्र ठेवा. पत्ता बरोबर असून टपाल रीतसर पाठवले असेल, तर ते पोहोचल्याचे गृहीत धरण्यास जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम २७ मदतीला येते.

तिरपी रेघ

व्हॉट्सॲपवर मी लिहितो. संगणकाचे काम करतो आणि अशा प्रमाणपत्रांचे कच्चे खर्डे पाहण्याचा प्रसंग वरचेवर येतो.

आधी कायदा कोणता ते ठरवा. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला आणि त्यातले कलम १७० असे सांगते की त्या दिवशी प्रलंबित असलेली कार्यवाही १८७२ च्या अधिनियमानेच चालवायची. तुमचा दावा २०२३ चा. म्हणजे तुम्हाला इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीचे जुने कलम ६५ब लागू, आणि भाग ‘अ’, भाग ‘ब’ व हॅश व्हॅल्यू (फाइलची अंकी ओळखखूण) असलेला नवा नमुना तुमच्यासाठी नाही. तो नव्या अधिनियमाच्या कलम ६३ खालचा आहे. जुन्या कलमाप्रमाणे त्या साधनाचा वापर व देखभाल ज्याच्याकडे आहे त्याने प्रमाणपत्र द्यायचे. फोन तुमचा, तेव्हा तुम्हीच देऊ शकता. ज्यांचे दावे १ जुलै २०२४ नंतरचे आहेत त्यांना मात्र दोन्ही भाग लागतील, आणि तज्ज्ञाची व्यवस्था त्यांनी शपथपत्रापूर्वीच लावावी.

प्रमाणपत्रात ‘सदर प्रत खरी आहे’ एवढे एक वाक्य पुरत नाही. फोनची बनावट व मॉडेल, आयएमईआय क्रमांक, त्यातला सिम क्रमांक, तो तुमच्याच नेहमीच्या वापरात असल्याचे विधान, त्या काळात तो व्यवस्थित चालत होता हे, संभाषण कोणत्या रीतीने बाहेर काढले, कोणत्या संगणकावर घेऊन कोणत्या प्रिंटरवर छापले, एकूण किती पाने, आणि हे सर्व आपल्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरे असल्याचे विधान, असा क्रम असावा. संगणक किंवा प्रिंटर दुकानातला असेल तर तसे लिहा, लपवू नका.

घाटमाथा

एवढा खटाटोप कशासाठी? सरळ फोनच न्यायाधीशांपुढे ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाने तसे म्हटले आहे असे वाचल्याचे आठवते.

तिरपी रेघ

म्हटले आहे, आणि तो निकाल आपल्या जालन्याच्याच प्रकरणातला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या वादात, १४ जुलै २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ६५ब चे प्रमाणपत्र ही सक्तीची अट असल्याचे पुन्हा स्पष्ट केले. निर्वाचन अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण पुराव्यात घ्यायचे होते आणि मागणी करूनही प्रमाणपत्र मिळत नव्हते. अशा वेळी पक्षकाराने न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवून घ्यावे, अशी वाट त्या निकालाने दाखवली. त्याच निकालात असेही आहे की फोनचा किंवा लॅपटॉपचा मालक स्वतः पिंजऱ्यात येऊन, मूळ माहिती ज्यात साठली तेच हे साधन आहे असे शाबीत करत असेल, तर मूळ दस्तऐवज समोर आल्यामुळे प्रमाणपत्राची गरज उरत नाही.

परंतु व्यवहारात पाहा. फोन हा मुद्देमाल म्हणून न्यायालयात जमा करून पुढची काही वर्षे आपण त्याच्याविना राहणार का? अपिलात वरचे न्यायाधीश काय वाचणार? म्हणून दोन्ही करावे. छापील प्रत व प्रमाणपत्र दाखल करावे आणि साक्षीच्या दिवशी चार्ज केलेला फोन सोबत ठेवावा, म्हणजे मागणी झाल्यास तिथेच दाखवता येईल. तो फोन तोवर फॉरमॅट करू नये, विकू नये, आणि संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असल्यास आजच बंद करावी.

निवडक स्क्रीनशॉट देण्याच्या मात्र मी विरुद्ध आहे. चार सोयीची चित्रे दिली की मधले काय गाळले हा प्रश्न उलटतपासणीत येणारच. पहिल्या एनईएफटीच्या तारखेपासून नोटिसीच्या तारखेपर्यंतचे संपूर्ण संभाषण द्या. त्यात लग्नाची आमंत्रणे आणि सुप्रभातची फुले असली तरी असू द्या. शपथपत्रात मात्र नेमक्या तीन-चार संदेशांचाच पृष्ठक्रमांक, तारीख व वेळेसह उल्लेख करा. कोणत्या संदेशात ‘उसने’ किंवा ‘परत’ हा शब्द आहे आणि कोणत्या संदेशात दुकानाच्या नफ्याचा विषयही निघालेला नाही, ते दाखवा. भागीदारीच्या बचावाला त्याहून चांगले उत्तर मला तरी दिसत नाही.

काळा कोट

याला एक महत्त्वाची पुस्ती. हे संभाषण दाव्यासोबत दाखल नव्हते, म्हणून आदेश ७, नियम १४(३) खाली परवानगीचा अर्ज लागेल. अर्जात उशिराचे कारण खरे व थोडक्यात द्यावे, कागदाचा वादमुद्द्याशी संबंध सांगावा आणि प्रत समोरच्या वकिलांना देऊन पोहोच घ्यावी. न्यायाधीश आधी त्यांचे म्हणणे मागवतील, म्हणून अर्ज पुराव्याच्या तारखेला न देता आधी द्या.

कोणी म्हणेल, उलटतपासणीत प्रतिवादीपुढे एकदम टाकावे. तेही शक्य आहे. नागपूर खंडपीठाकडून गेलेल्या एका प्रकरणात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, उलटतपासणीत कागद समोर ठेवण्याच्या बाबतीत पक्षकार आणि साक्षीदार असा भेद करता येत नाही. पण ज्या कागदावर आपलीच बाजू उभी आहे तो बाहीत लपवून ठेवू नये. प्रतिवादीने ‘हे संदेश माझे नाहीत’ एवढे म्हटले आणि पुढे तो कागद शाबीत करणारा जबाब फायलीत नसेल, तर हाती काय राहिले?

मांडवीकिनारा

विषयांतर न करता गोव्यातून एक भर घालतो, कारण आमच्याकडची दिवाणी न्यायालयेही याच संहितेने चालतात. जुने पोर्तुगीज दस्त नुसते जोडून भागत नाही. भाषांतर लागते आणि ते कोणी केले हेही सांगावे लागते. देशावरच्या मंडळींना मोडीतल्या कागदांबाबत हेच लागू होते. लिप्यंतर करणारा जाणकार साक्षीला येऊ शकेल असाच निवडावा.

कोयनाकाठ

आता सर्वांत अवघड भाग. प्रतिवादी सही नाकारतात. चिठ्ठी लिहिली तेव्हा माझा मेहुणा हजर होता. तज्ज्ञाकडे पाठवण्याचा अर्ज आधी करावा की मेहुण्याची साक्ष घ्यावी?

काळा कोट

साक्ष आधी. सही होताना पाहिलेला माणूस उपलब्ध असताना तज्ज्ञाचे मत दुय्यम ठरते. साक्षीदारांची यादी वादमुद्दे निघाल्यापासून पंधरा दिवसांत देण्याचा नियम आहे, आदेश १६, नियम १. ती दिली नसेल तर कारण दाखवून परवानगी मागा. मेहुण्याचे शपथपत्र तुमच्या शपथपत्राची नक्कल असू नये. त्याने जे पाहिले तेवढेच त्याच्या भाषेत असावे: कोणत्या खोलीत बसले होते, कागद कोणी आणला, पेन कोणाचे होते. दोन शपथपत्रांतली वाक्ये शब्दशः जुळली तर पहिला प्रश्न त्यावरच येतो.

पक्षकाराने स्वतः पिंजऱ्यात यायला टाळू नये, आणि शक्यतो इतर साक्षीदारांच्या आधी यावे. आदेश १८, नियम ३अ तसेच सांगतो. मुखत्यारपत्र देऊन मुलाला उभे करण्याची कल्पनाही कोणी सुचवली तर ऐकू नका. व्यवहाराची माहिती ज्याला स्वतःला आहे त्याच्या जागी मुखत्यार जबाब देऊ शकत नाही.

तज्ज्ञाचा अर्ज नंतरही करता येतो. त्यासाठी वादापूर्वीच्या, निर्विवाद सह्या लागतात: बँकेतले नमुने, नोंदणीकृत दस्त, जुनी पत्रे. कैफियतीवरची आणि वकीलपत्रावरची सही प्रतिवादीची असल्याबद्दल वाद नसतो, पण ती वाद सुरू झाल्यानंतरची असते आणि ती बदलून केलेली असू शकते. जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम ७३ प्रमाणे न्यायालय स्वतःही सह्यांची तुलना करू शकते, तरी सावध न्यायाधीश केवळ स्वतःच्या नजरेवर विसंबत नाहीत.

अंबाडीची भाजी

माझ्या सरतपासणीच्या दिवशी मला एक गोष्ट कोणीच आधी सांगितली नव्हती, ती सांगते. पिंजऱ्यात उभे असताना आपली फाईल उघडून बघता येत नाही; न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागते आणि जो कागद बघाल तो समोरच्या वकिलांनाही बघायला मिळतो. त्यामुळे खुणा केलेली, शेरे लिहिलेली खासगी प्रत बाकावरच ठेवून जावे. आणि समोरचे वकील ‘हरकत आहे’ म्हणाले की घाबरून वाद घालू नये. हरकत व आपले उत्तर दोन्ही नोंदवून घ्यावे, असे नम्रपणे सुचवावे.

हे उलट बाजूनेही लागू आहे. प्रतिवादी उद्या भागीदारीची म्हणून एखादी झेरॉक्स आणील. शाबितीच्या रीतीविषयीची हरकत कागद पुराव्यात येत असतानाच घ्यावी लागते. तेव्हा गप्प बसले तर मागाहून अपिलात ‘मूळ कुठे आहे’ असे विचारण्यात अर्थ राहत नाही.

जुना शिरस्तेदार

शपथपत्राची भाषा कोणी सांगितली नाही, म्हणून सांगतो. चिठ्ठीचा परिच्छेद साधारण असा असावा:

‘सदर चिठ्ठी प्रतिवादीने माझ्या राहत्या घरी, माझे व साक्षीदाराचे समक्ष स्वहस्ते लिहून तिजवर सही करून मला दिली. प्रतिवादीचे हस्ताक्षर व सही माझ्या परिचयाची आहे. कागदयादी नि. ४ मधील अ. क्र. १ ची चिठ्ठी मला दाखवली असता ती तीच आहे, तिच्यातील मजकूर खरा व बरोबर आहे. तिला निशाणी देण्यात यावी.’

यात कोणी लिहिली, कुठे, कोणासमक्ष, सही कशी ओळखता आणि मजकूर बरोबर आहे हे पाचही आले. यातला एखादा भाग सुटला तर शाबिती अर्धवट राहते. प्रत्येक कागदाला असा स्वतंत्र परिच्छेद द्यावा. ‘सोबतचे सर्व कागद खरे आहेत’ या एका वाक्यावर सगळी यादी टांगू नये. कायद्याचे युक्तिवाद, निकालांचे दाखले आणि प्रतिवादीच्या स्वभावाचे वर्णन शपथपत्रात नको. त्यांची जागा अंतिम युक्तिवादात आहे, आणि स्वभाववर्णनाची तिथेही नाही.

शपथपत्राची प्रत प्रतिवादीच्या वकिलांना देऊन मूळ प्रतीवर त्यांची पोहोच घ्यावी. पुरावा संपल्याची पुरसिस देण्याआधी मात्र एकदा बेंच क्लार्ककडे विनंती करून फाईल पाहावी आणि यादीतला प्रत्येक कागद एकतर निशाणीवर, नाहीतर आर्टिकलवर, नाहीतर नाकारलेला, यांपैकी कशात आहे ते पडताळावे. पुरसिस दिल्यावर पुरावा पुन्हा उघडायचा तर वेगळा अर्ज, त्यावर समोरच्यांचे म्हणणे आणि पुढची तारीख.

कोयनाकाठ

परवानगीचा अर्ज आणि दस्तऐवज कबूल करण्याची नोटीस, दोन्ही या आठवड्यात तयार करतो. शेवटचे विचारतो, दावा संपल्यावर मूळ चिठ्ठी परत मिळते का?

जुना शिरस्तेदार

मिळते. आदेश १३, नियम ९ खाली अर्ज करावा. अपिलाची मुदत संपल्यावर, किंवा अपील झाले असेल तर त्याचा निकाल लागल्यावर कागद परत देतात. त्याआधी हवा असेल तर प्रमाणित प्रत फायलीत ठेवून, मागितल्यावर मूळ हजर करण्याची हमी द्यावी लागते. मात्र निकालामुळे जो दस्तऐवज पूर्णपणे रद्द वा निरुपयोगी ठरला असेल तो परत करत नाहीत. परत घेताना पावतीवर सही करावी लागते, तेव्हा ओळखपत्र सोबत असू द्या. नाकारलेले कागद लवकर मिळतात, पण त्यांच्यावरही नाकारल्याचा शेरा असतो. तो तसाच राहू द्यावा, खोडू नये.